आधी पडद्यामागच्यांची नावं

आमच्याकडे शाळेतलं नाटक गॅदरिंगबरोबर उगवायचं आणि मांडव निघाला की संपायचं. पंधरा दिवसांत एखादी एकांकिका उभी करायची, ज्याचं पाठांतर चांगलं त्याला मोठं काम द्यायचं, उरलेल्यांनी रेकॉर्ड डान्समध्ये मागच्या रांगेत उभं राहायचं. टाळ्या पडायच्या, फोटो निघायचे. पुढच्या वर्षी सगळं पुन्हा पहिल्यापासून. मागच्या वर्षीचा मुकुट कुठं ठेवलाय हे कुणाला सांगता यायचं नाही, आणि तो मुकुट करायला शिकलेला मुलगा तर दाखला घेऊन केव्हाच गेलेला असायचा. भोकरच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवताना मला याचं फार वाईट वाटायचं.

वाईट वाटायचं, कारण माझ्यासमोरचा वर्गच एक रंगमंच होता. भोकर हे तेलंगणाच्या सीमेजवळचं गाव. एकाच बाकावर घरी मराठवाडी बोलणारा, बंजारा तांड्यावरून येणारा गोरबोलीवाला, आजीशी तेलुगूत बोलणारी आणि दखनी उर्दू बोलणारी अशी मुलं बसतात. पुस्तकातला धडा मोठ्यानं वाचायला सांगितला की मान खाली घालणारी मुलगी जेवणाच्या सुट्टीत बसच्या कंडक्टरची आणि तिकिटासाठी हुज्जत घालणाऱ्या म्हातारीची हुबेहूब नक्कल करायची. दोन्ही माणसं तीच, दोन्ही आवाज तिचे. या मुलीच्या अंगात जे आहे त्याला शाळेच्या वेळापत्रकात जागा नाही, ही गोष्ट मला मान्य होईना. नाटक शाळेत वर्षभर राहिलं पाहिजे, आणि ते मुलांच्या मालकीचं असलं पाहिजे, असं मनात पक्कं होत गेलं.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या शाळांमधल्या एका संस्थेविषयी वाचलं. ‘इंटरनॅशनल थेस्पियन सोसायटी’ असं तिचं नाव. १९२९ साली वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरमाँट या गावी ती सुरू झाली. शाळेत नाटकाचं चांगलं काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना ती सन्मानानं सभासद करून घेते, आणि शाळाशाळांत तिच्या शाखा आहेत. मला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटली. हा सन्मान गुणांवर मिळतो आणि गुण कामाच्या तासांवर मिळतात. मनापासून केलेल्या साधारण दहा तासांच्या कामाला एक गुण. राजाची भूमिका करणाऱ्याचे तास आणि राजाचा अंगरखा शिवणाऱ्याचे तास यांचं मोल तिथं सारखं.

ही कल्पना परदेशी म्हणून दूर ठेवण्याचं कारण नव्हतं, कारण आपल्याकडे ती फार जुनी आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नाटकमंडळीत कोण कोण असतं याची यादी येते. सूत्रधार, नट आणि विदूषक यांच्याच पंक्तीला तिथं मुकुट करणारा, दागिने घडवणारा, हार गुंफणारा, वेष करणारा, चित्रं रंगवणारा आणि कपडे धुणारा रजकही बसलेला आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांनी या ग्रंथाचा मोठा अभ्यास केला, आणि ‘वाटा पळवाटा’ लिहिणारे दत्ता भगत हे नाटककारही आमच्या नांदेड जिल्ह्याचेच. नाटकाचा विचार आणि नाटकाचं लेखन दोन्ही या मातीत झालेलं असताना आमच्या शाळेनं गॅदरिंगपुरतं नाटक करून समाधान का मानावं?

मुख्याध्यापकांकडे मी तीन गोष्टी मागितल्या: कुलूप लागेल असं एक कपाट, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यानंतरची वेळ, आणि शाळेचा शिक्का असलेली एक जाड नोंदवही. तिन्ही मिळाल्या आणि आमचं नाट्यमंडळ सुरू झालं. आठवी ते दहावीच्या कुणालाही त्यात येता येईल, प्रवेशासाठी निवड चाचणी नाही. शंभर तासांचं काम नोंदवहीत भरलं की मंडळाचा सन्मान. मात्र ते काम दोन्हीकडचं हवं. काही रंगमंचावरचं, काही पडद्यामागचं. नुसता अभिनय करून शंभर तास भरता येणार नाहीत, आणि नुसतं मागं राहूनही नाही. लाजणाऱ्यालाही एकदा तरी उजेडात यावं लागतं, आणि पुढं पुढं करणाऱ्यालाही झाडू हातात घ्यावा लागतो.

या मंडळाचा सगळा जीव त्या नोंदवहीत होता. ज्यानं काम केलं त्यानं स्वतःच्या हातानं ते लिहायचं, आणि ज्याच्याबरोबर केलं त्यानं शेजारी सही करायची. ‘पडद्याला कड्या शिवल्या.’ ‘दुसऱ्या प्रवेशाची संहिता उतरवून काढली.’ ‘पाचवीच्या मुलांना मिशा लावल्या आणि परत पुसल्या.’ ‘तालमीत प्रॉम्प्टिंग केलं.’ आकडा फुगवायचा मोह कुणाला झाला तर शेजारची सही मिळायची नाही. मला एकदाही मध्ये पडावं लागलं नाही, कारण कोण किती राबलं हे मुलांना शिक्षकापेक्षा जास्त ठाऊक असतं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी नोंदवही मोठ्यानं वाचली जायची. आपलं काम चारचौघांत वाचलं जातंय, याचं समाधान मी मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. प्रगतिपुस्तक हातात घेताना तो चेहरा तसा नसतो.

पालकांचा प्रश्न पहिल्याच महिन्यात आला. एका मुलाचे वडील शेतातून थेट शाळेत आले आणि म्हणाले, “सर, याचे मार्क भेटतेत का? चित्रकलेच्या परीक्षेचे तर भेटतेत म्हणे.” प्रश्न रास्त होता. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात, हे गावाला माहीत असतं. शनिवारी दुपारी कापूस वेचायला किंवा सोयाबीनच्या राशीवर जो हात लागायचा तो जर शाळेत अडकणार असेल, तर त्या बदल्यात काय मिळणार हे विचारायचा बापाला हक्क आहे. मी त्यांना गुणांचं आश्वासन दिलं नाही. तालीम बघायला बसवलं. त्या दिवशी त्यांचा मुलगा सूत्रधाराचं काम करत होता, आणि “मागच्या भिंतीला ऐकू गेलं पाहिजे” एवढ्या एका सूचनेवर त्याचा आवाज मोकळा होत होता. वडील शेवटपर्यंत बसले. जाताना म्हणाले, “घरी हा तोंडातल्या तोंडात बोलतो. इथं बोलायलाय की!” पुढं मंडळाला लागणारे बांबू त्यांनीच आणून दिले. पेरणीच्या आणि काढणीच्या दिवसांत तालमी ठेवायच्या नाहीत, असा नियम आम्ही त्यांच्याच सांगण्यावरून केला.

मुलींचा प्रश्न वेगळा होता. किनीकडच्या, पाळजकडच्या मुली मानव विकास कार्यक्रमाच्या बसनं येतात, आणि ती बस कुणासाठी थांबत नाही. त्यामुळं तालमीची वेळ घड्याळावर न ठरता बसवर ठरली. ज्या मुलींना शनिवारी थांबणं शक्यच नव्हतं त्यांच्यासाठी मधल्या सुट्टीतला अर्धा तास राखून ठेवला. वाचन, पाठांतर आणि वेशभूषेचं शिवणकाम त्यात व्हायचं. या अर्ध्या अर्ध्या तासांची बेरीज करून शंभर तास पूर्ण करणाऱ्या मुलींचा मला विशेष अभिमान आहे.

पहिल्या वर्षी आम्ही छापील बालनाट्य घेतलं. नाटक निवडल्यावरचं पहिलं काम म्हणजे लेखकाच्या परवानगीसाठी पत्र लिहिणं. पुस्तक विकत घेतलं म्हणजे प्रयोगाचा हक्क मिळत नाही, लेखनालाही मानधन असतं, ही गोष्ट मुलांना नवी होती. मराठी बालरंगभूमीचा इतिहासही त्या निमित्तानं सांगितला. सुधा करमरकरांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’तर्फे रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणलं, आणि मुलांचं नाटकही मोठ्यांच्या नाटकाइतक्या थाटात करायचं असतं हे महाराष्ट्राला दाखवून दिलं. पुण्यात १९८६ पासून मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ थिएटरच्या धर्तीवर नाटकं सुरू केली, त्यांत मोठे कलाकार मुलांच्या भूमिका करतात आणि मुलांचे खरे प्रश्न मांडतात. मतकरींनीच पुढं ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला, आणि तिथं वस्तीतली मुलं स्वतःच्या जगण्यातून स्वतःची नाटकं करू लागली. हे ऐकल्यावर नववीतल्या एका मुलीनं विचारलं, “मग आपलं नाटक आपणच का लिहायचं नाही?” दुसऱ्या वर्षाचं काम तिथंच ठरलं.

विषय जवळच होता. भोकरच्या शेजारी उमरी आहे. देश स्वतंत्र झाला तरी मराठवाडा निजामाच्या राज्यातच होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मोकळा झाला. त्याच वर्षी जानेवारीत उमरीच्या बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी छापा घातला होता. दर वर्षी सतरा सप्टेंबरला झेंडावंदन होतं, भाषणं होतात, पण मुलांना त्या काळातला माणूस दिसत नव्हता. आम्ही घराघरांतल्या म्हाताऱ्यांकडे मुलांना पाठवलं. छाप्याची शौर्यगाथा आणायला नव्हे. तेव्हा घरी काय शिजत होतं, रात्री दार कुणाला उघडायचं आणि कुणाला नाही, शाळेत कोणत्या भाषेत शिकवत, हे विचारायला. स्वतःच्या आठवणी फार थोड्यांजवळ होत्या. बहुतेकांनी आईबापाकडून ऐकलेलं सांगितलं. एका आजोबांनी आपल्या वडिलांचं उर्दू शाळेतलं शिक्षण इतक्या प्रेमानं सांगितलं की मुलं चकित झाली. राज्य जुलमी होतं म्हणून भाषा वाईट ठरत नाही, हे कळायला त्यांना माझ्या व्याख्यानाची गरज पडली नाही.

या नाटकात आमच्या शाळेच्या सगळ्या बोली आल्या. तालमीत मी एवढंच सांगितलं, की तुमचं पात्र घरी जसं बोलेल तसं बोला. मग आई लेकाला म्हणाली, “कुठं जायलास रे एवढ्या राती?” तांड्यावरचा निरोप्या गोरबोलीत बोलला, बाजारातला दुकानदार तेलुगूत हिशेब करू लागला, आणि शिपाई उर्दूत दरडावू लागला. ज्या मुलांना वर्गात शुद्ध बोलण्याची धास्ती होती तीच आता एकमेकांचे उच्चार सुधारू लागली. तांड्यावरचा मुलगा मुख्य भूमिकेतल्या मुलाला गोरबोलीची दोन वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणून दाखवायचा, आणि नोंदवहीत लिहायचा: ‘भाषा शिकवली.’

नेपथ्याच्या वेळी पाळजच्या मुलांनी पुढाकार घेतला. पाळजचा गणपती लाकडाचा आहे, निर्मळ या गावच्या कारागिराच्या हातचा. त्याचं विसर्जन होत नाही. त्या मूर्तीकडे लहानपणापासून बघणाऱ्या मुलांना लाकडाची आणि रंगाची नजर असते. त्यांनी जुन्या पेट्यांच्या फळ्यांपासून बँकेची तिजोरी केली आणि ती अशी रंगवली, की पहिल्या रांगेतूनही लोखंडीच वाटावी. प्रकाशासाठी दोन हॅलोजन आणि रंगीत जिलेटिन कागद एवढंच आमच्याजवळ होतं. रात्र दाखवायची तर उजेड कमी करण्यापेक्षा तो एका बाजूनं आणावा, हे एका मुलानं स्वतःच शोधून काढलं. त्यासाठी तो कित्येक दुपारी रिकाम्या हॉलमध्ये दिवे हलवत बसला होता. ते तासही नोंदवहीत आहेत.

मंडळाची खरी परीक्षा झाली ती मात्र एका वेगळ्याच प्रसंगी. दसरा झाला की तांड्यावरची काही कुटुंबं ऊसतोडीला जातात. आमच्यातला एक चांगला ढोलकीवाला मुलगा असाच आईवडिलांबरोबर गेला आणि हंगाम संपल्यावर परतला. नोंदवही उघडून तो म्हणाला, “सर, माझे तास बुडाले.” मी काही बोलायच्या आत मंडळाच्या बैठकीत चर्चा सुरू झाली. तो फडावर असताना काय करत होता, असं एकीनं विचारलं. तो सांगू लागला. कोप्यांपुढं रात्री पेटणाऱ्या चुली, उचल घेताना मुकादमापुढं बसलेला बाप, पहाटे गाडी भरताना एकमेकांना घातलेल्या हाका, थंडीत ढोलकी शेकून घेऊन म्हटलेली तांड्याची गाणी. मुलं ऐकत राहिली. शेवटी ठराव झाला: पाहिलेलं आणि ऐकलेलं जो लिहून आणील, त्याचे ते तास धरायचे, कारण नाटक त्यातूनच होतं. त्या मुलानं दोन वह्या भरून आणल्या. आमचं तिसऱ्या वर्षाचं नाटक त्या वह्यांतून उभं राहिलं. ढोलकी त्याचीच होती आणि लेखक म्हणून नावही त्याचंच होतं.

मंडळाचा नियम बदलायचा अधिकार मुलांना आहे म्हणूनच हे घडू शकलं. सन्मानाचा दिवसही त्यांनीच ठरवला. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. मला तोच दिवस योग्य वाटत होता. पण तेव्हा दिवाळीची सुट्टी असते आणि फड सुरू झालेले असतात. मुलांनी २७ मार्च, जागतिक रंगभूमी दिन निवडला, कारण तोवर बोर्डाची परीक्षा उरकलेली असते. आणि जे तोपर्यंतही परतलेले नसतील त्यांच्यासाठी जूनमधला शाळेचा पहिला शनिवार राखून ठेवला. सन्मान म्हणजे एक साधं प्रमाणपत्र आणि नोंदवहीत लाल शाईनं लिहिलेलं नाव. नावं पुकारताना क्रम ठरलेला आहे: आधी पडद्यामागच्यांची, मग कलाकारांची. हा क्रमही मुलांचाच.

स्पर्धांना आम्ही जातो. विज्ञान नाट्योत्सवात एका संघाला आठच विद्यार्थी नेता येतात, आणि बक्षिसं बहुधा लेखन, दिग्दर्शन, अभिनय यांचीच असतात. तिथं निवड करावीच लागते. म्हणून मंडळाच्या हिशेबात स्पर्धेचे तास आणि शाळेतल्या तालमीचे तास एकाच दरानं मोजतो. जिंकलेल्या संघाला जास्तीचे तास नाहीत. स्पर्धेचं मला वाटणारं खरं मोल निराळंच आहे. मुदखेडवरून गाडीनं नांदेडला जाऊन डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहाचा रंगमंच पाहिला, तेव्हा कलाकार मुलं खुर्च्यांकडे बघत होती, आणि पडद्यामागची मुलं छताकडे. दिवे कुठं टांगलेत, पडदा कसा ओढतात, विंगेत किती माणसं उभी राहू शकतात हे ती तिथल्या तंत्रज्ञांना विचारत होती. आपण जे काम करतो ते कुणाचा तरी रोजचा व्यवसाय आहे, हे त्यांना तिथं प्रत्यक्ष दिसलं.

मंडळ टिकण्यासाठी सर्वांत उपयोगी पडलेला नियम हस्तांतराचा आहे. दहावीच्या मुलांनी दिवाळीपर्यंत आपलं काम नववीतल्या एकाला शिकवून मोकळं व्हायचं. शेवटचे दहा तास शिकवण्याचेच असले पाहिजेत. त्यामुळं रंगभूषा करणारी मुलगी जाते, पण रंगभूषा राहते. कपाटातल्या वस्तूंची यादी, जमाखर्च, परवानगीच्या पत्रांचे नमुने, कुणाकडे बांबू मिळतात आणि कोण साउंड सिस्टिम सवलतीत देतो, हे सगळं एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जातं. मी बदलून गेलो तरी मंडळ चाललं पाहिजे, आणि आता ते चालेल असा मला विश्वास आहे.

नाटकामुळं सगळी मुलं अभ्यासात पुढं गेली असा दावा मी करणार नाही. मी पाहिलेलं एवढंच सांगतो. शाळा पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक काढते, आणि वर्गातली बाकीची मुलं वर्षानुवर्षं बिनक्रमांकाची राहतात. कामाचे तास मोजू लागल्यावर ही उतरंड आमच्या खोलीत उरली नाही. शंभर तास ज्यानं त्यानं स्वतः भरायचे असतात. एकाचे भरले म्हणून दुसऱ्याचे कमी होत नाहीत. सन्मान वाटल्यानं कमी होत नाही, हे मुलांनी इथं अनुभवलं. शाळेनं मुलांना देण्यासारखं याहून मोठं मला दुसरं काही दिसत नाही.

आता पुढचं काम दिसतंय. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात पदवीच्या मुलांना नाटकासाठी जागा आहे; दहावी सुटल्यापासून तिथवर पोचेपर्यंतची वर्षं मात्र रिकामी जातात, आणि याच वर्षांत आमच्या बऱ्याच मुलींचं शिक्षण थांबतं. म्हणून भोकर, उमरी, मुदखेड, हिमायतनगर इथल्या शाळांनी आणि कनिष्ठ महाविद्यालयांनी मिळून एकच नोंदवही धरावी, असा माझा प्रयत्न आहे. भोकरला भरलेले तास मुदखेडला धरले जावेत, एका शाळेचा पडदा दुसरीनं न्यावा. ज्या शिक्षकांना हे करावंसं वाटतं त्यांनी नाट्यगृहाची वाट पाहू नये. कपाट, शनिवार आणि वही एवढ्यावर सुरुवात होते. पहिल्या तालमीला मुलांनी खोली झाडली की लगेच वही उघडा आणि ती कुणी झाडली त्यांची नावं तासांसकट त्यांनाच लिहू द्या.